नळी वाढली

"आई, पुन्हा एकदा. हा 'सोबत' पट्टा विचारेल, 'नळीचं काय झालं?' आणि तुम्ही काय सांगायचं?"

"वाढली," वैशालीबाई ठामपणे म्हणाल्या.

टेबलावरची रबरी बाहुली गळ्याला भोक घेऊन छताकडे बघत पडली होती. तिच्या गळ्याभोवतीचा राखाडी पट्टा गोड आवाजात बोलला, "नळी वाढणं धोक्याचं नाही. उत्तर चूक. सोबतीची परीक्षा पुन्हा द्यावी लागेल."

मृण्मयीनं कपाळावर हात मारून घेतला. सासूबाई नापास व्हायची ही दुसरी खेप. आणि गंमत अशी, की हाताच्या कामात त्यांना पैकीच्या पैकी गुण होते. बाहुलीच्या गळ्यातली नळी काढून नवी घालायला त्यांना एका श्वासाइतकाही वेळ लागत नसे. मात्र तोंड उघडलं की घात.

"अगं, आमच्या किती पिढ्या बायकांच्या हातात बांगड्या भरत आल्या," वैशालीबाई म्हणाल्या. "बांगडी फुटली असं कासाराच्या घरात कोणी म्हणतं का? बांगडी वाढते. मंगळसूत्र वाढतं. आन् माझ्या लेकराचा जीव जिच्यावर हाय, ती नळी 'तुटली' म्हणू? जीभ झडंल माझी."

"यंत्राला हे कळत नाही, आई. त्याला सरळ सांगावं लागतं."

"मग त्याला शिकवा की! मला साठीत कशाला शिकवताय?"

प्रश्न रास्त होता. पण सुनेला सासूचा रास्त प्रश्न जरा उशिरानंच पटतो, ही जगरहाटी आहे आणि ती कुठल्याही यंत्रानं अजून बदललेली नाही. मृण्मयी हसत म्हणाली, "तुम्हाला सांगणं म्हणजे नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे!"

"आम्ही कासार हाय, सोनार न्हवं," वैशालीबाईंनी तिथल्या तिथे परतफेड केली.

कोपऱ्यात बसलेली कुहू पोट धरून हसली. तिचं हसणं नुसतं दिसलं. पाच वर्षांच्या कुहूला आवाज नव्हता.

ती दिवस भरायच्या आत जन्मली होती. श्वासाच्या यंत्रावर तिचे पहिले महिने गेले आणि त्यात तिची श्वासनलिका घशाखाली अरुंद झाली. वरून हवा पुरेशी आत जाईना. मग डॉक्टरांनी गळ्याच्या पायथ्याशी भोक पाडून तिथून बोटाएवढी वाकडी नळी खाली श्वासनलिकेत सोडली. ट्रॅकिओस्टोमी. कुहू जगली. पण आपण बोलतो ते नाकातोंडाकडे जाणाऱ्या हवेवर, आणि कुहूची हवा आवाजाच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचायच्या आधीच गळ्यातून बाहेर पडायची. नळी श्वासनलिकेत अगदी घट्ट बसलेली, बाजूनं वर जायला फटच नाही. ती ओठांनी, बोटांनी, डोळ्यांनी बोलायची, आणि खूप बोलायची. रडायची तेव्हा मात्र मृण्मयीला तिच्याकडे बघवायचं नाही. तोंड उघडं, गालावर पाणी, आणि घरात शांतता.

लहान मुलाची नळी म्हणजे शरबताच्या नळीएवढी जागा. कफाचा एक घट्ट गोळा अडकला की संपलं. नळी अडकली तर आधी सक्शननं कफ ओढायचा. नाही निघाला तर नळीच बदलायची, वाट बघत बसायचं नाही. नवी बसली नाही तर एक माप लहान घालायची. हे नियम मृण्मयीला आपल्या नावासारखे पाठ होते. पण पाठ असणं वेगळं आणि कायम कान लावून बसणं वेगळं. तिचा नवरा शार्दूल मालवाहू जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. कुहूच्या छातीवर हात ठेवल्याशिवाय मृण्मयीला झोप यायची नाही. तिनं नोकरी सोडली, मैत्रिणी सोडल्या. मोकळं हसणंही जवळजवळ सोडलं होतं.

आणि मग 'सोबत' आली.

साताऱ्याच्या डॉ. अन्वय साठम यांनी तो पट्टा बनवला होता. मूळचे मालवणचे, कान-नाक-घशाचे डॉक्टर, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. "ताई, नळी बोलते!" पहिल्या भेटीत ते मृण्मयीला म्हणाले होते. "हवा मोकळी असली की एक सूर, कफ साठायला लागला की दुसरा. बासरीचं भोक जरा झाकलं की सूर बदलतो ना, तसंच. आईचा कान हे ओळखतो, पण आईला झोपही येते. पट्ट्याला येत नाही." हजारो मुलांच्या श्वासांवर शिकलेला तो पट्टा कफ अडकायच्या कितीतरी आधी सांगायचा, "आता सक्शन करा." प्रसंग ओढवलाच तर जवळच्या माणसाला एकेक पायरी मराठीत समजावून सांगायचा. पट्ट्याला कान होते, डोळे नव्हते. नळी जागेवर आहे की नाही, मुलाच्या ओठांचा रंग कसा आहे, हे तो माणसाला विचारायचा. म्हणून माणसाची परीक्षा. ती उत्तीर्ण झालेला माणूस म्हणजे 'सोबती', आणि फक्त सोबत्याच्या भरवशावर मूल सोडायला पट्टा परवानगी द्यायचा.

पट्टा आल्यावर, सुट्टीवर आलेला शार्दूल सोबती झाला आणि मृण्मयी पहिल्यांदा एकटी बाजारात गेली, तेव्हा ती भाजीवाल्यासमोर रडली होती. त्या बिचाऱ्यानं घाबरून कोथिंबीर फुकट दिली.

आता प्रसंग असा होता, की साताऱ्यात सोबतचा मोठा कार्यक्रम ठरला होता. राज्यभरातले डॉक्टर आणि अशा मुलांचे आईबाप येणार होते आणि मृण्मयीनं बोलायचं होतं. आणि नेमकं त्याच दिवशी फलटणला ओळखीच्या घरात लग्न. नवरीला चुडा भरायला वैशालीबाई जाणार, आणि कुहूनं दोन्ही हातांनी, पायांनी आणि अख्ख्या अंगानं सांगून टाकलं होतं, की ती आजीबरोबर जाणार म्हणजे जाणार.

"म्हणजे तुम्ही सोबती व्हायलाच हवं, आई," मृण्मयी म्हणाली.

तिसऱ्या खेपेला वैशालीबाई डोळे मिटून बाहुलीसमोर बसल्या. "नळीचं काय झालं?" पट्ट्यानं विचारलं. "तुटली," त्या कडू काढा गिळावा तशा म्हणाल्या, लगेच कानाच्या पाळ्या धरल्या आणि देवाचं नाव घेतलं. पट्टा आनंदानं म्हणाला, "अभिनंदन! आपण कुहूच्या सोबती आहात." कुहूनं टाळ्या पिटल्या. मृण्मयीला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

पट्ट्याचा एक नियम मात्र परीक्षेत सगळ्यांकडून घोकून घेतला जायचा. संकटात एकच आवाज. दहा जण दहा सल्ले देतात आणि मूल हातचं जातं, म्हणून त्या वेळी फक्त सोबतचं ऐकायचं. दोनदा नापास झालेल्या वैशालीबाईंनी तो नियम अगदी मनावर घेतला होता.

साताऱ्याचं सभागृह खचाखच भरलं होतं. सकाळी डॉ. साठमांनी दारात नारळ वाढवला, पेढे वाटले आणि तेव्हापासून ते जमिनीवर टेकलेच नव्हते. रंगमंचावरच्या भल्यामोठ्या पडद्यावर एक हिरवी लाट संथपणे वरखाली होत होती आणि ध्वनिवर्धकातून बारीक सुं-सुं ऐकू येत होतं. तो कुहूचा श्वास होता. फलटणच्या मांडवातून इथे, त्याच क्षणी.

"ही माझी मुलगी," मृण्मयी माईकवर म्हणाली. "ती आत्ता एका लग्नात आहे. माझ्याशिवाय! गेल्या पाच वर्षांत मी तिच्यापासून भाजीबाजारापेक्षा लांब गेले नव्हते. आज बघा, मी कुठे आणि ती कुठे, आणि तरी तिचा श्वास माझ्या कानात आहे."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत एक बाप मांडीवर तशीच नळी लावलेलं बाळ घेऊन बसला होता. तो पडद्याकडे नजर लावून बघत होता. मृण्मयीला एकदम वाटलं, की आज आपण उडू शकू. तिनं फोनवर पाहिलेली सकाळची दृश्यं सांगितली: कुहू हिरवे चुडे आजीच्या हातात मोजून कशी देतेय, नवरीच्या मांडीवर कशी चढून बसलीय.

तेवढ्यात ध्वनिवर्धकातली सुं-सुं थबकली. खर्रकन काहीतरी घासल्याचा आवाज आला. मांडवातल्या बायकांचा गलका. मग श्वास पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठा, मोकळा. पडद्यावरची लाट उंच झाली.

सोबतचा गोड आवाज सभागृहात घुमला. "वैशालीबाई, नळीचं काय झालं?"

आणि त्यामागून, घाईत, धापा टाकत, वैशालीबाईंचा आवाज. "अगं वाढली! नळी वाढली!"

"धन्यवाद. नळी वाढली आहे. हवेचा प्रवाह आधीपेक्षा मोकळा आहे. कुहूची स्थिती उत्तम. कृपया नळीला हात लावू नका."

पडदा हिरवागार झाला. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. डॉ. साठम दोन्ही हात वर करून हसत होते. मांडीवर बाळ असलेला बाप उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मृण्मयी एकटी गारठून उभी होती.

वाढली. आज. नवरीच्या चुड्यासमोर, मांडवात. त्या शुभ जागी तिच्या सासूच्या तोंडून दुसरा शब्द निघणंच शक्य नव्हतं, जीव गेला तरी नाही. आणि हवा मोकळी का वाहतेय हेही तिला कळलं. नळी गेली होती, भोक उघडं होतं. उघड्या भोकातून हवा आत-बाहेर होणारच, काही वेळ. पाच वर्षांच्या मुलीचं भोक किती पटकन आवळतं हे तिनं नळी बदलताना कितीदा तरी पाहिलं होतं.

"डॉक्टर, आईंशी बोलू द्या मला!"

"ताई, घाबरू नका, सगळं हिरवं आहे—"

"नळी तुटलीय! वाढली म्हणजे तुटली!"

"अहो, हवा तर—"

"डॉक्टर, सकाळी दारात नारळाचं काय केलंत तुम्ही?"

साठमांचं हसू तोंडावरच विरलं. सकाळी त्यांनी नारळ वाढवला होता. फोडला होता. "अरे देवा," ते म्हणाले. "मी तिला नारळ शिकवला नाही."

ते धावतच यंत्राच्या टेबलाकडे गेले. पट्ट्यातून मृण्मयीचा आवाज पाठवता येणार होता, पण सोबत तो येऊ देईना. संकटात एकच आवाज. नियम त्यांचाच होता. राज्यभरातल्या लोकांसमोर, आपल्या आयुष्याच्या कामाच्या सोहळ्यात, सोबतचा गळा दाबताना त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. पडद्यावरचा हिरवा रंग गेला. "सोबत बंद," अशी अक्षरं उमटली.

"बोला, ताई! तुमचा आवाज थेट कुहूच्या गळ्यातून येईल. मी रुग्णवाहिका पाठवतो."

"आई! मी मृण्मयी!"

"मृणू?" वैशालीबाईंचा आवाज फुटला. "अगं, नवरीनं जवळ घेतलं लेकराला. तिच्या खांद्यावरच्या पिनेत नळीचा दोरीचा पंख अडकून वाढला, आन् नळी बाहेर येऊन पिनेवरच लटकतीय! ही बया म्हणते हात लावू नका. आधी लेकरू हसत होतं, आता ओठ निळं पडाय लागलं. मी काय करू? परीक्षेत सांगितलंय, हिचंच ऐकायचं—"

"आई, ती चुकली. तुम्ही बरोबर होता. आता माझं ऐका. कुहूला उताणी झोपवा."

"झोपवली."

"खांद्याखाली शाल गुंडाळून घाला, म्हणजे मान मागे जाईल आणि भोक दिसेल. नवरीला म्हणावं, डोकं धर."

"धरलंय तिनं. चुड्यासकट धरलंय. सांग की पुढं!"

"तिच्या पिशवीतून नवी नळी काढा. वाट दाखवणारा दांडा आत आहे ना? टोकाला जेल लावा आणि घाला."

ध्वनिवर्धकातून आता सुं-सुं येत नव्हती. एक ओढलेला, खरखरणारा आवाज येत होता आणि तो बारीक होत चालला होता. सभागृहातल्या कित्येक आया उभ्या राहिल्या होत्या. त्यांना तो आवाज ओळखीचा होता.

"जात न्हाई गं!" वैशालीबाई ओरडल्या. "भोक आवळलं. मी जोर करते—"

"जोर नाही!" मृण्मयीनं माईक दोन्ही हातांनी गच्च धरला. तिच्या डोक्यात पुस्तकातली सगळी वाक्यं होती, आणि तिला कळत होतं की त्यातलं एकही आत्ता त्या मांडवात पोहोचणार नाही. "आई, नवरीच्या हातात दोन-सहा मापाची बांगडी चढत नसली तर तुम्ही काय करता?"



"दोन-चार घेते."

"तेच करा. पिशवीत निळ्या झाकणाची नळी आहे. एक माप लहान. आणि बांगडी चढवता तशी चढवा, आई. जोर नाही. वळणानं."

मृण्मयीला फक्त सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता आणि त्या नेहमी बांगडी भरताना पुटपुटायच्या ते "हळू गं बाई, हळू गं बाई". ते शब्द त्या गिऱ्हाइकाला म्हणतात की स्वतःच्या बोटांना, हे मृण्मयीला कधीच कळलं नव्हतं. कुहूच्या श्वासाचा आवाज मात्र पूर्ण थांबला होता. देवा, माझी बोटं घे, माझा श्वास घे, काय हवं ते घे.

"गेली!"

"दांडा काढा! आतला दांडा काढा लगेच!"

"काढला!"

काहीच आलं नाही. मग एक शिट्टी आली. मग खोकला, ओला, जोराचा, आणि त्याच्यामागून हवेचा लोट, आत, बाहेर, आत.

"आली गं! आली! ओठ लाल व्हाय लागलं!" वैशालीबाई आता उघड रडत होत्या. "डोळं उघडलं बघ तिनं!"

"नळी हातानं धरून ठेवा, आई. सोडू नका. दोऱ्या बांधून होईपर्यंत सोडायची नाही."

सभागृहात लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. डॉ. साठम खुर्चीत बसून चष्मा पुसत होते आणि तो पुन्हा ओला होत होता. मृण्मयी रंगमंचावरच मांडी घालून बसली. माईक तिनं सोडला नव्हता.

आणि मग ध्वनिवर्धकातून एक विचित्र आवाज यायला लागला. घोगरा, चिरका, मधेच तुटणारा आणि पुन्हा वर चढणारा. टेबलाजवळच्या माणसाला वाटलं यंत्र बिघडलं. त्यानं आवाज कमी करायला हात पुढे केला.

"थांबा!" डॉ. साठम ताडकन उठले. "हात लावू नका! ऐका, ऐका!"

"मृणू," पलीकडून वैशालीबाई कुजबुजल्या, जणू मोठ्यानं बोललं तर ते पळून जाईल. "ही आवाज करतीय गं. आपली कुहू. तोंडातनं!"

मृण्मयीला काही समजेना. तिनं साठमांकडे पाहिलं. ते एका दमात बोलत सुटले होते. "लहान नळी, ताई! लहान नळीच्या बाजूनं फट राहिली. हवा वर चाललीय, आवाजाच्या पट्ट्यांपर्यंत! म्हणजे वरची वाट थोडी मोकळी झालीय. मुलगी मोठी झाली तशी तिची श्वासनलिकाही मोठी झाली आणि आपण दरवेळी घट्ट मापाची नळी घालून बसलो. पुढच्या तपासणीत कळलं असतं, पण... अहो, ती रडतेय! तुमची मुलगी आवाज काढून रडतेय!"

मांडवातल्या बायकांनी मात्र बायका करतात तेच केलं. "उगी उगी," "गप बाळा, झालं आता," "रडू नको गं सोन्या," असे दहा आवाज एकदम आले. त्या माऱ्यात तो घोगरा चिरका सूर दबायला लागला, हुंदक्यांवर आला.

"गप्प करू नका तिला!" मृण्मयी एवढ्या जोरात ओरडली, की माईक किंचाळला. "कोणी गप्प करू नका! आई, सगळ्यांना सांगा, रडू दे तिला! रडू दे!"

"ए बायांनो, सरा बाजूला!" वैशालीबाईंचा आवाज कडाडला. "रड गं माझी बाय. मोठ्यानं रड. तुझी आई ऐकतीय."

आणि कुहूनं आयुष्यात पहिल्यांदा भोकाड पसरलं.